सौम्य योगाचे संशोधक स्वामी कुवलयानंद

मार्गशीर्ष सरून पौष लागला की पहाटेच्या हवेत बोचरेपणा येतो. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानासारखी हाडे गोठवणारी थंडी पडत नाही. तरीही सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ भागांत सकाळी धुके उतरते, दुपारी ऊन तापते आणि रात्री पुन्हा गारवा येतो. या चढउतारात वृद्धांचे गुडघे आखडतात, दमेकऱ्यांची छाती भरून येते, रक्तदाब असणाऱ्यांना अधिक जपावे लागते. याच दिवसांत योगाच्या वर्गांना गर्दी होते. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून पुष्कळ जण आसनांना आरंभ करतात. त्यांतील काही जण पहिल्याच आठवड्यात हट्टाने शरीर वाकवू पाहतात, पाठीत उसण भरून घेतात आणि संकल्प तेथेच सोडून देतात.

योग हा जोर लावण्याचा विषय नाही, हे तत्त्व आज योगाचा कोणताही शिक्षक सांगतो. आधुनिक काळात ते प्रयोगांच्या आधारे मांडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते स्वामी कुवलयानंद मात्र आज अनेकांना केवळ नावाने ठाऊक आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक एवढीच त्यांची ओळख उरली आहे. बडोदे संस्थानात जन्मलेला, तालमीत घडलेला आणि खानदेशात राष्ट्रीय शिक्षणाचे काम केलेला हा मराठी माणूस योगाकडे कसा वळला आणि योगाला प्रयोगशाळेत का घेऊन गेला, हे समजून घेणे थंडीच्या या दिवसांत विशेष उपयोगाचे आहे.

डभोई ते बडोदे

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी बडोदे संस्थानातील डभोई या जुन्या तटबंदीच्या गावी झाला. गायकवाडांच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. घरची स्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी जगन्नाथांना बराच काळ इतरांच्या आधारावर अवलंबून राहावे लागले. मात्र बुद्धी तल्लख होती. 1903 साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. संस्कृतवरचे हे प्रभुत्व पुढे हठयोगाचे ग्रंथ मुळातून वाचताना त्यांच्या कामी आले.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतील ते बडोदे होते. शिक्षण, ग्रंथालये, कला आणि व्यायाम या सर्वांना तेथे राजाश्रय होता. बडोदे महाविद्यालयात त्या वेळी अरविंद घोष अध्यापन करीत होते आणि त्यांच्या राष्ट्रीय विचारांचा प्रभाव तरुण गुणे यांच्यावर पडला. पुढे लोकमान्य टिळकांच्या चळवळीनेही त्यांना खेचून घेतले. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला.

बडोद्याने त्यांना आणखी एक गुरू दिला. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रमुख राजरत्न माणिकराव हे भारतीय व्यायामपद्धतीचे फार मोठे जाणकार होते. शेकडो तरुणांकडून एका तालावर करून घ्यायच्या संघव्यायामाला त्यांनी देशी आज्ञांची जोड दिली होती. 1907 ते 1910 या काळात गुणे यांनी माणिकरावांकडे शिक्षण घेतले. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी या साऱ्यांनी कमावलेले शरीर म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढे योग आणि व्यायाम यांतील भेद त्यांनी इतक्या नेमकेपणाने सांगितला, तो या अनुभवामुळे. एकाच वाटेची माहिती असणाऱ्याने दुसरीला कमी लेखावे, तसे त्यांनी केले नाही. तालमीबद्दलचा आदर त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

अमळनेरचे दिवस

1916 साली गुणे खानदेश शिक्षण संस्थेच्या कामात सहभागी होऊन अमळनेरला आले. तेथे विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे शिक्षण देण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. असहकाराच्या त्या काळात राष्ट्रीय शिक्षण देणारी संस्था सरकारच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविक होते. 1923 साली हे महाविद्यालय बंद पडले.

या सात वर्षांत गुणे यांनी समाज जवळून पाहिला. खेड्यापाड्यांतील लोक अज्ञान आणि अंधश्रद्धा यांत बुडालेले होते. शिकलेला वर्ग स्वतःच्या परंपरेकडे एक तर आंधळ्या भक्तीने पाहत होता, नाही तर तुच्छतेने. मंत्र, सिद्धी, चमत्कार यांविषयीच्या गोष्टी कानांवर येत, तेव्हा गुणे यांचे मन त्यांवर विश्वास ठेवायला तयार होत नसे. ते श्रद्धाळू घरात वाढले असले तरी वृत्तीने बुद्धिवादी होते.

माळसरचा योगी

या बुद्धिवाद्याच्या आयुष्याला 1919 साली वळण मिळाले. बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी माळसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध योगी राहत असत. ते मूळचे बंगालचे. देशभर भ्रमण करून उतारवयात ते नर्मदाकिनारी स्थिरावले होते. मुंबईत योगाची संस्था उभारणारे श्रीयोगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. गुणे माधवदासजींकडे गेले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आसने, बंध, मुद्रा, शुद्धिक्रिया आणि प्राणायाम यांचा कसून अभ्यास करू लागले.

या अभ्यासातून त्यांना शरीरात आणि मनात जे बदल जाणवले, ते तालमीतील अनुभवांपेक्षा निराळे होते. येथे घाम निघत नव्हता, दम लागत नव्हता, स्नायू फुगत नव्हते. तरीही प्रकृतीत आणि चित्तात फरक पडत होता. मग हा फरक पडतो कसा? या प्रश्नाने त्यांना घेरले. दुसरा एखादा शिष्य गुरूची कृपा म्हणून स्वस्थ बसला असता. गुणे यांना कारण हवे होते. कारण जर शरीरात असेल, तर ते शरीरशास्त्राच्या साधनांनी सापडले पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

गुरूचा सहवास त्यांना फार काळ लाभला नाही. 1921 साली माधवदासजींनी देह ठेवला. दोन वर्षांनी अमळनेरचे महाविद्यालयही गेले. वयाच्या चाळिशीत गुणे यांच्याकडे ना संस्था होती, ना गुरू, ना संसार. उरला होता तो एक प्रश्न आणि तो सोडवण्याची जिद्द.

आतड्यातील पोकळीचा शोध

या प्रश्नाची उकल करण्यास त्यांनी त्याआधीच आरंभ केला होता. 1920 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत, आपल्या काही विद्यार्थ्यांच्या मदतीने, त्यांनी उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची तपासणी केली. पूर्ण श्वास सोडून पोट आत व वर खेचणे म्हणजे उड्डियान. आणि त्या स्थितीत पोटाचे मधले सरळ स्नायू वेगळे काढून पुढे आणणे म्हणजे नौली. क्ष-किरणांच्या छायाचित्रांतून या क्रियांच्या वेळी पोटातील अवयवांचे काय होते, हे त्यांनी पाहिले. दाबमापक नळ्यांच्या साहाय्याने आतील दाबही मोजला.

हठयोगातील बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. पिचकारी नाही, पंप नाही. मग पाणी वर चढते कसे? हे योग्याचे सामर्थ्य आहे, असे भाविक म्हणत. प्रयोगांनी निराळे उत्तर दिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, अंशतः पोकळी निर्माण होते, आणि म्हणून पाणी आत शोषले जाते. या पोकळीला गुणे यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. गुरूविषयीची कृतज्ञता आणि शास्त्राची शिस्त या दोहोंचा त्यांच्यात कसा मेळ होता, ते या एका नामकरणातून कळते.

हा शोध वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु त्याचा अर्थ खोल होता. शतकानुशतके गुप्त ठेवलेली एक क्रिया मोजता येते, तिचे कारण सांगता येते आणि कोणालाही ती पडताळून पाहता येते, हे त्यातून सिद्ध झाले. योग म्हणजे भोंदूगिरी असे मानणारा नवशिक्षित आणि योगाला हात लावणे म्हणजे पाप असे मानणारा परंपरावादी, या दोघांनाही हे रुचणे सोपे नव्हते. गुणे यांनी दोघांशीही वाद घालत बसण्याऐवजी प्रयोग वाढवले.

लोणावळ्याचे कैवल्यधाम

ऑक्टोबर 1924 मध्ये मुंबई आणि पुणे यांच्या मध्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधामाची स्थापना केली. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. योगावरील प्रयोगांचे अहवाल प्रसिद्ध करणारे असे नियतकालिक ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. अंकाची रचनाही विचारपूर्वक केलेली असे. एका भागात वैज्ञानिक प्रयोग, दुसऱ्यात शरीरशास्त्राच्या आधारे केलेले विवेचन आणि तिसऱ्यात सामान्य वाचकाला घरी करता येतील अशा आसनांची सचित्र माहिती. शास्त्रज्ञ आणि गृहस्थ हे दोघेही त्यांना सारखेच महत्त्वाचे वाटत होते.

लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेत सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन यांच्या वेळी रक्तदाबात काय बदल होतो, हे मोजले गेले. प्राणायामातील दाबांचे आणि श्वसनाचे मापन झाले. पुढे 1931 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन स्वामीजींकडे अभ्यासासाठी आले आणि त्या अनुभवावर त्यांनी 1937 साली योगाच्या वैज्ञानिक परीक्षणाचा ग्रंथ लिहिला. 1957 साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ योग्यांच्या शारीरिक नियंत्रणाच्या अभ्यासासाठी हिंदुस्थानात आले, तेव्हा लोणावळ्याचे सहकार्य त्यांना मिळाले. जगातील योगसंशोधनाची एक पायवाट अशी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून गेली.

जोर नको, सुख हवे

प्रयोगांतून आणि अनुभवातून स्वामीजींचा जो विचार पक्का झाला, त्याचा गाभा सौम्यता हा आहे. पतंजलींनी आसनाची जी दोन लक्षणे सांगितली, ती म्हणजे स्थिरता आणि सुख. स्वामीजींनी ती शरीरशास्त्राच्या भाषेत मांडली. व्यायामात स्नायूंना वारंवार आणि जोराने काम करावे लागते, त्यात शक्ती खर्च होते, हृदयावर आणि फुप्फुसांवर भार पडतो. आसनात मात्र स्नायू हळूहळू ताणले जातात, त्या स्थितीत काही काळ राहतात आणि पुन्हा हळूहळू सैल होतात. आसनाचे मुख्य लक्ष्य दंड आणि मांड्या नसून पाठीचा कणा, मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी आणि पोटातील अवयव ही आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यातून काही व्यावहारिक नियम आपोआप निघाले. आसनात झटका असू नये. वेदना होईपर्यंत ताणू नये. आज जेवढे जमते तेथे थांबावे, उद्या तेथून किंचित पुढे जावे. थकवा येण्याआधी विश्रांती घ्यावी. आसने झाल्यावर उत्साह वाटला पाहिजे. थकवा वाटला तर कोठेतरी चूक झाली असे समजावे. तालमीचा व्यायाम आणि योगाभ्यास हे दोन्ही करणाऱ्याने दोहोंच्या मध्ये काही वेळ जाऊ द्यावा. त्यांच्या ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ या ग्रंथांत सशक्त माणसासाठी वेगळा आणि अशक्तासाठी सोपा, असे अभ्यासक्रम दिलेले आढळतात. एकच माप सर्वांना लावू नये, ही दक्षता त्यांनी प्रथमपासून घेतली.

शवासनाला त्यांनी दिलेले महत्त्व याच विचारातले. पाठीवर निश्चल पडून एकेक अवयव सैल सोडणे, मग श्वासाकडे लक्ष देणे, ही गोष्ट दिसायला सोपी पण साधायला कठीण. प्रेतासारखे पडून राहण्यात कसला योग, असे म्हणणाऱ्यांची तेव्हाही कमतरता नव्हती. स्वामीजींनी मात्र शवासनाला थकलेल्या मज्जातंतूंचे औषध मानले.

महात्मा गांधी आणि रक्तदाब

या सौम्य योगाची एक मोठी परीक्षा 1927 साली झाली. मार्च महिन्यात कोल्हापूर आणि निपाणीच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब अतिशय वाढला होता. दौरा थांबवून त्यांना बेळगावमार्गे आंबोलीला विश्रांतीसाठी नेण्यात आले आणि तेथून पुढे नंदीच्या डोंगरावर हलवण्यात आले. सावंतवाडी संस्थानातील आंबोली म्हणजे गोव्याच्या अगदी उशाशी. विश्रांतीच्या या काळात गांधीजी आणि स्वामी कुवलयानंद यांचा योगोपचारांविषयी पत्रव्यवहार चालला होता.

गांधीजी स्वतःच्या देहावर प्रयोग करणारे आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागणारे रुग्ण होते. स्वामीजींपुढची जबाबदारीही लहान नव्हती. सारा देश ज्यांच्या प्रकृतीकडे डोळे लावून बसला होता, त्यांना आसने सांगायची होती. येथे कोणत्याही अतिरेकाला वाव नव्हता. शवासनासारख्या हलक्या क्रिया, बेताचा अभ्यास आणि परिणामांवर सतत लक्ष, हाच मार्ग होता. रुग्ण कितीही थोर असला तरी त्याच्या देहाची मर्यादा ओळखूनच योग सांगायचा, हा वैद्याचा विवेक स्वामीजींच्या ठायी होता. मोतीलाल नेहरू आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारखी मंडळीही कैवल्यधामाकडे वळली, ती या विश्वासामुळेच.

स्वपक्षालाही सोडले नाही

स्वामीजींच्या प्रामाणिकपणाचा कस लागला तो प्राणायामाच्या बाबतीत. प्राणायामामुळे शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून आरोग्य सुधारते, असे तेव्हा सांगितले जाई. आजही सांगितले जाते. योगाचा पुरस्कार करणाऱ्याला हे स्पष्टीकरण सोयीचे होते. परंतु श्वास रोखला असताना प्राणवायू जास्त कसा मिळेल, हा साधा प्रश्न स्वामीजींनी टाळला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या पुरवठ्यात नाही, तर छाती व पोटातील दाबांच्या बदलांत, श्वासावर येणाऱ्या ताब्यात आणि मज्जासंस्थेवरील परिणामांत आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याच बाजूच्या लोकप्रिय समजुतीला त्यांनी धक्का दिला. योगाची बाजू खऱ्या कारणावर उभी राहिली तरच टिकेल, ही त्यांची धारणा होती.

शाळा, रुग्णालय आणि ग्रंथ

लोणावळ्यात बसून केवळ संशोधन करावे, एवढ्यावर ते समाधानी नव्हते. 1930 च्या दशकात मुंबईत योगाचे आरोग्यकेंद्र सुरू झाले, तर 1940 च्या दशकात राजकोटला शाखा निघाली. शाळांतील मुलांसाठी ‘यौगिक संघव्यायाम’ या पुस्तकातून त्यांनी सोप्या आसनांचा सामुदायिक क्रम बसवून दिला. माणिकरावांच्या तालमीत शिकलेली संघव्यायामाची शिस्त आणि माधवदासजींनी शिकवलेला योग हे दोन प्रवाह येथे एकत्र आले. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणातही त्यांचा सल्ला घेतला जाई.

1950 नंतर कैवल्यधामात योगाचे शिक्षक तयार करणारे गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय उभे राहिले. 1960 च्या दशकाच्या आरंभी योगोपचारांचे रुग्णालय निघाले. दमा, बद्धकोष्ठ, अपचन, मनाचा ताण अशा जुनाट तक्रारींसाठी रुग्ण तेथे येऊ लागले. डॉ. विनेकर यांच्या सहकार्याने लिहिलेला स्वामीजींचा योगोपचारावरील ग्रंथ 1963 साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. दुसरीकडे हठयोगाच्या जुन्या पोथ्यांचे चिकित्सक संपादन चालू होते. पोथी आणि प्रयोगशाळा ही दोन्ही एकाच आवारात असली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. 18 एप्रिल 1966 रोजी वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा पुढे वाहिली. लोणावळ्याची ती संस्था आजही कार्यरत आहे.

हिवाळ्यातील अभ्यासासाठी

स्वामीजींच्या या दृष्टीने पाहिले तर थंडीतील योगाचे उत्तर सोपे होते. आपल्या ग्रंथकारांनीही ऋतूंचा विचार केला होता. घेरंडसंहिता हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत योगाभ्यासाचा आरंभ करू नये, वसंतात किंवा शरदात करावा, असे सांगते. हा निर्बंध आरंभाचा आहे; चालू असलेला अभ्यास सोडावा असे त्याने सुचवलेले नाही. त्यातून घेण्यासारखा बोध असा की, ज्याला पौषातच सुरुवात करायची आहे त्याने ती अगदी हलक्या क्रियांनी करावी. हठप्रदीपिकेत तर साधकाने पहाटेचे स्नान, उपवास आणि देहाला क्लेश देणारे विधी टाळावेत, असेही सांगितले आहे. गार पाण्याने अंघोळ करून कुडकुडत आसनांना बसणे म्हणजे तपश्चर्या, हा समज त्या ग्रंथकारांचा नव्हता. आयुर्वेदाने हिवाळ्यात व्यायामाला अनुकूल मानले, तेही अर्ध्या शक्तीपर्यंतच.

थंडीत स्नायू आणि सांधे आखडलेले असतात. पहाटे उठल्याबरोबर पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवण्याचा हट्ट धरू नये. थोडे चालावे, हातपाय हलवावेत, अंगात ऊब आल्यावर सतरंजी किंवा घोंगडी अंथरून आसनांना बसावे. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांनी सायंकाळी, पोट रिकामे असताना, अभ्यास करावा. दिवसभराच्या हालचालीने तेव्हा शरीर अधिक लवचीक असते. भुजंगासन, अर्धशलभासन, वक्रासन, पवनमुक्तासन अशी साधी आसने, प्रत्येकानंतर क्षणभर विश्रांती आणि शेवटी अंगावर पांघरूण घेऊन शवासन, एवढा क्रम पुरेसा होतो. प्राणायामात उज्जायी थंडीला मानवतो. कंठातील कफ दूर करणारा म्हणून ग्रंथांनी त्याचा उल्लेख केला आहे. शीतली आणि सीत्कारी हे गारवा देणारे प्रकार उन्हाळ्यासाठी राखून ठेवावेत. नवशिक्याने श्वास रोखण्याच्या भानगडीत पडू नये.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. म्हणून रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती, भस्त्रिका यांच्या वाटेला स्वतःहून जाऊ नये. चालू औषधे योगाच्या भरवशावर बंद करू नयेत. दमेकऱ्यांनीही वैद्यकीय सल्ला आणि जाणत्या शिक्षकाची देखरेख यांखेरीज नवीन क्रिया सुरू करू नयेत. रक्तदाब मोजत मोजत योगाचा अभ्यास करणाऱ्या कुवलयानंदांच्या परंपरेला शोभेल असाच हा विवेक आहे.

आज योगाला जगभर मान्यता मिळाली आहे. 21 जूनला मैदाने भरतात, छायाचित्रे झळकतात. या मान्यतेसोबत अतिशयोक्तीही आली आहे. अमुक आसनाने तमुक रोग समूळ जातो, असे दावे रोज कानांवर पडतात. कठीण आसनांच्या प्रदर्शनालाच योग समजण्याचा मोहही वाढला आहे. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी, संस्था आणि गुरू गमावलेल्या त्या चाळिशीतील शिक्षकाचे स्मरण ठेवावे. योगावर त्यांची नितांत श्रद्धा होती, आणि म्हणूनच तो तपासून घेण्याची त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी जे शिकवले त्यासाठी असामान्य शरीर लागत नाही. एक सतरंजी, थोडा निवांत वेळ आणि आपल्या मर्यादेची जाण एवढे पुरते. संक्रांतीचा तिळगूळ वाटला जाईल तोवर, रोज पंधरा मिनिटांचा का होईना, असा अभ्यास अंगवळणी पडला, तर आखडलेले गुडघे आपणहून त्याची साक्ष देतील.